लग्नाचा बस्ता शहरात फाडायचा की गावातच? जालन्याहून कापड खरेदीला निघण्याआधी हे समजून घ्या

तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते. मग जालना जिल्ह्यातल्या लग्नघरांत एक चर्चा हमखास रंगते, ती म्हणजे बस्ता कुठे फाडायचा? कुणी म्हणतं, जालन्यातच ओळखीचं दुकान आहे. कुणी म्हणतं, संभाजीनगरला व्हरायटी मिळते. एखादा भाचा मोबाईल पुढे करतो आणि मुंबईच्या मंगलदास मार्केटची रील दाखवतो, "बघा मामा, निम्म्या भावात!"

शेवटी दहा-बारा माणसं गाडी करून निघतात. दिवसभर गादीवर बसून साड्यांचे ढीग उपसतात आणि रात्री दमून घरी येतात. घरी आल्यावर कळतं की रेशमी म्हणून घेतलेली साडी रेशमी नाही, शर्टपीसचा पन्हा कमी आहे आणि बिलाच्या जागी एक साधी चिठ्ठी आहे.

बस्ता म्हणजे लग्नाच्या खर्चातला मोठा आकडा. शेतकरी घरात तो बऱ्याचदा कापूस किंवा सोयाबीन विकून आलेल्या पैशातून किंवा उधारीवर होतो. म्हणूनच चांगलं कापड दुकान ओळखायचं कसं, कोणत्या शहरात काय मिळतं आणि फसवणूक झाली तर काय करायचं, हे नीट समजून घेऊया.

कापूस इथला, मग कापड बाहेरचं का?

जालना म्हटलं की स्टील आणि बियाणं आठवतं. 'जालना सोने का पालना' ही म्हणही या व्यापारी पेठेवरूनच पडली. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद आणि जालना या आठही तालुक्यांत कापूस हे ओळखीचं पीक आहे.

रेशमाचंही तसंच. शेतकऱ्यांना रेशीम कोष विकायला पूर्वी थेट कर्नाटकातल्या रामनगरमला जावं लागायचं. २०१८ मध्ये जालन्याच्या बाजार समितीत कोष बाजार सुरू झाला आणि ही पायपीट बरीच कमी झाली.

म्हणजे कापूस इथला, कोषही इथले. पण कापसाचं कापड व्हायला जिनिंगनंतर सूतगिरणी, माग, रंगाई आणि छपाई एवढे टप्पे लागतात. हे टप्पे बहुतांशी दुसऱ्या शहरांत आहेत. भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीला यंत्रमाग आहेत. सोलापूरला चादरी आणि टॉवेल बनतात. सिंथेटिक साड्यांचं मोठं केंद्र सुरतला आहे. पैठणी पैठण आणि येवल्यात विणली जाते. म्हणजे जालन्याच्या दुकानातली साडी असो की संभाजीनगरच्या शोरूममधली, अनेकदा दोन्हींचं मूळ एकच असतं. फरक पडतो तो मधल्या व्यापाऱ्यांचा, दुकानाच्या भाड्याचा आणि निवडीचा.

विशेष म्हणजे हा भाग एकेकाळी कापड बाहेर पाठवणारा होता. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर म्हणजे आजचं तेर या बाजारपेठांचा उल्लेख आहे. तगरहून साधं कापड आणि मलमल भडोचच्या बंदरात जात असे, असं त्यात नोंदवलंय. जालना जिल्ह्यातलं भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन हेही त्याच सातवाहन काळातलं व्यापारी गाव.

मोठ्या शहरात जाणं खरंच परवडतं का?

हा हिशेब निघण्याआधीच करायला हवा. समजा, गाडी, चहा-नाश्ता आणि जेवण धरून दिवसाचा खर्च ४,००० रुपये झाला आणि शहरात भाव १० टक्के कमी मिळाला. अशा वेळी १५,००० रुपयांच्या खरेदीवर वाचले १,५०० रुपये आणि खर्च झाले ४,०००. हा तोट्याचा सौदा झाला. तीच खरेदी ८०,००० रुपयांची असेल तर ८,००० वाचले आणि खर्च वजा जाता ४,००० हाताशी राहिले.

म्हणजे या उदाहरणात ४०,००० रुपयांच्या खाली शहराची वारी भावासाठी परवडत नाही. निवडीसाठी जायचं असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्या घरचे आकडे टाकून हा हिशेब एकदा करून बघा.

जवळच्या दुकानाचे फायदेही मोजायला हवेत. माप चुकलं, रंग आवडला नाही, एक साडी कमी पडली, तर जालन्याच्या सदर बाजारात दुसऱ्या दिवशी परत जाता येतं. ओळखीचा दुकानदार बदलून देतो आणि वेळप्रसंगी कापूस विकेपर्यंत थांबतोही. शहरातलं अनोळखी दुकान उधारी देत नाही, आणि बदलून घ्यायला पुन्हा भाडं मोडून जावं लागतं.

उधारीचीही एक बाजू आहे. उधारीवर घेताना भाव करायला तोंड उघडत नाही. त्यामुळे रोखीचा भाव आणि उधारीचा भाव वेगळा आहे का, हे आधीच स्पष्ट विचारून घेतलेलं बरं.

मग कोणती वस्तू कुठून घ्यायची?

बस्ता म्हणजे एकच खरेदी नसते. त्यात साधारण चार प्रकार असतात आणि प्रत्येकासाठी दुकान वेगळं असू शकतं.

१. नवरा-नवरीचे कपडे: शालू, पैठणी, शेरवानी किंवा सूट. इथे निवड आणि दर्जा महत्त्वाचा. मोठ्या शहरात जाण्याचं खरं कारण हेच.

२. जवळच्या नातेवाइकांच्या साड्या: आई, सासू, मावशी, आत्या, करवल्या. इथे प्रत्येकीची आवड वेगळी असते. बदलून मिळणारं दुकान निवडा.

३. आहेराच्या साड्या: संख्या जास्त, किंमत कमी. इथे ठोक बाजार कामी येतो. ठोक व्यापारी बऱ्याचदा एक-दोन नग देत नाही, पूर्ण सेट घ्यावा लागतो. एका सेटमध्ये एकाच डिझाइनच्या वेगवेगळ्या रंगांच्या साड्या असतात. आहेराला नेमकं हेच हवं असतं.

४. टॉवेल-टोपी, धोतर, फेटे, शर्टपीस-पँटपीस, ब्लाऊजपीस: यासाठी शहरात जायची सहसा गरज नसते. तालुक्याच्या गावी आणि जालन्यात हा माल सहज मिळतो.

याद्या अशा वेगळ्या केल्या की बारा माणसांची जत्रा न्यायची गरज उरत नाही. पहिल्या प्रकारासाठी तीन-चार जण शहरात जातात आणि बाकीचं जवळच होतं.

कोणत्या शहरात नेमकं कुठे जायचं?

*छत्रपती संभाजीनगर*

जालन्याहून सर्वात जवळचं मोठं शहर, अंतर साधारण ६० किलोमीटर. इथला जुना कापड बाजार गुलमंडी, टिळकपथ, पैठण गेट, औरंगपुरा आणि सिटी चौक या परिसरात आहे. गुलमंडीजवळच्या रंगार गल्लीचं नावच कापड रंगवणाऱ्यांवरून पडलंय. हे सगळे भाग पायी फिरता येतील इतके जवळ आहेत, त्यामुळे तीन-चार दुकानांत भाव विचारणं सोपं जातं. निराला बाजार आणि सिडकोतल्या कॅनॉट परिसरात नव्या पद्धतीची शोरूम आणि तयार कपडे जास्त मिळतील.

शहराची स्वतःची ओळख म्हणजे हिमरू. सूत आणि रेशीम एकत्र विणून केलेलं हे कापड. शाल, जॅकेट किंवा शेरवानीच्या दुपट्ट्यासाठी लोक ते घेतात. मात्र हातमागावरचं हिमरू विणणारे आता मोजकेच उरलेत आणि त्या नावाखाली यंत्रावरचा मालही विकला जातो. 'माग दाखवता का?' हा प्रश्न विचारायला लाजू नका.

*पैठण आणि येवला*

पैठणी घ्यायची असेल तर थेट विणकरांच्या गावी जाणं हा चांगला पर्याय आहे. अंबड-घनसावंगीकडच्या लोकांना पैठण तसं जवळ. तिथे राज्य लघुउद्योग विकास महामंडळाचं पैठणी विणकाम केंद्र आहे आणि माग चालताना पाहता येतो. नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात विणकर आणि दुकानं दोन्हींची संख्या मोठी आहे. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. पैठण किंवा येवल्यात दुकान असलं म्हणजे आतली प्रत्येक साडी हातमागाचीच असेल असं नाही.

*पुणे*

साड्यांसाठी लक्ष्मी रोड, ठोक कापडासाठी रविवार पेठेतला कापडगंज आणि लग्नातल्या बारीकसारीक वस्तूंसाठी तुळशीबाग. जिल्ह्यातली बरीच मुलं शिक्षण-नोकरीसाठी पुण्यात असतात. त्यांनी आधी एक चक्कर मारून फोटो आणि भाव पाठवले तर सगळ्यांचा वेळ वाचतो.

*मुंबई*

क्रॉफर्ड मार्केटजवळचं मंगलदास मार्केट हे मीटरवर कापड घेणाऱ्यांचं माहेरघर. सुती, रेशमी, लेस, अस्तर असं सगळं छोट्या छोट्या गाळ्यांत मिळतं. त्याच भागातलं मूळजी जेठा मार्केट मुख्यतः ठोक व्यापाराचं. दादरला हिंदमाता परिसरात साड्या आणि ड्रेस मटेरियल, तर भुलेश्वरला लेस, गोंडे आणि सजावटीचं सामान मिळतं. रविवारी मंगलदास मार्केट बंद असतं, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी जायचा बेत असेल तर तो बदला.

जालना-मुंबई वंदे भारत ३० डिसेंबर २०२३ रोजी सुरू झाली आणि पुढे ती नांदेडपर्यंत वाढवण्यात आली. जालन्यावरून जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्गही ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झालाय. त्याचं मुंबईकडचं टोक भिवंडीजवळ आमणे इथे आहे. त्यामुळे मुंबई पूर्वीइतकी लांब राहिली नाही. पण टोल आणि इंधन हिशेबात धरा, आणि ठोक बाजारात फक्त शालू शोधायला जाऊ नका.

दुकान चांगलं आहे हे ओळखायचं कसं?

मोठी पाटी, एसी आणि मोफत चहा यावरून दुकान कळत नाही. पुढच्या गोष्टींवरून कळतं.

• दुकानदार 'हे प्युअर आहे' असं नुसतं सांगतो की बिलावर तसं लिहून द्यायला तयार होतो?

• कापड दुकानाच्या दाराबाहेर उजेडात नेऊन बघू देतो का? आतल्या दिव्यांत रंग वेगळे दिसतात. मोरपंखी वाटलेली साडी उन्हात निळी निघते.

• ताग्यावरून कापड मोजताना मीटरपट्टी वापरतो की काउंटरवरच्या खुणेवर भागवतो? वैधमापन कायद्यानुसार व्यापारातल्या मीटरपट्टीची पडताळणी होऊन तिच्यावर शिक्का असायला हवा. मोजताना कापड ताणून धरलं तर घरी आल्यावर ते कमी भरतं.

• बदलून देण्याची मुदत किती, हे आधी सांगतो का?

• तुम्ही 'नको' म्हटल्यावर त्याच किमतीतलं दुसरं दाखवतो की प्रत्येक वेळी महागाकडे नेतो?

आणखी एक. तुम्ही बाहेरगावचे आहात हे ओळखून एखादा रिक्षावाला किंवा गाडीवाला 'मी नेतो चांगल्या दुकानात' म्हणाला, तर त्याला तिथे कमिशन मिळत असण्याची शक्यता असते. ते कमिशन शेवटी तुमच्याच बिलात येतं. 'बस्त्यावर मिक्सर फ्री' किंवा लकी ड्रॉचंही तसंच. आधी भाव दोन दुकानांत तपासा आणि मगच बक्षिसाकडे बघा.

कापड तपासायचं कसं?

*रंग:* पांढरा रुमाल ओला करा आणि कापडाच्या कोपऱ्यावर घासा. रुमालाला रंग लागला तर पहिल्या धुण्यात रंग जाणार.

*विण:* कापड उजेडासमोर धरा. विण एकसारखी दिसली पाहिजे. कुठे दाट, कुठे विरळ असेल तर कापड लवकर विरतं. हातात चोळल्यावर पांढरी पूड पडली तर खळ जास्त आहे. धुतल्यावर असं कापड लुळं पडतं.

*आटणं:* सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं. शिवायला देण्याआधी भिजवून वाळवा आणि दर मीटरमागे ५ सेंटिमीटर जास्त धरा.

*काठावरची छपाई:* मिलच्या सुटिंग-शर्टिंगच्या किनारीवर कंपनीचं नाव आणि बऱ्याचदा धाग्याचं मिश्रण छापलेलं असतं. नावातलं एखादं अक्षर बदललेलं आहे का, तेही बघा.

*जाळून बघणं:* काठाचे दोन-चार धागे काढून चिमट्यात धरून पेटवा. सुती धागा कागद जळाल्यासारखा वास देतो आणि मऊ राख होते. अस्सल रेशीम केस जळाल्यासारखा वास देतं आणि राख बोटांनी चुरता येते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याची कडक गोळी बनते. रेयॉन मात्र सुतासारखंच जळतं, त्यामुळे ही चाचणी सूत आणि रेयॉनमधला फरक सांगत नाही. ही चाचणी दुकानदाराच्या परवानगीने आणि दुकानाबाहेरच करा.

पन्हा आणि मीटरचं गणित काय आहे?

कापडाची रुंदी म्हणजे पन्हा. तो साधारण ३६, ४४ किंवा ५८ इंचाचा असतो. भाव विचारताना पन्हा विचारला नाही तर तुलना चुकते.

उदाहरणार्थ, एका दुकानात शर्टाचं कापड १०० रुपये मीटर आहे आणि पन्हा ३६. दुसऱ्या दुकानात १५० रुपये मीटर आणि पन्हा ५८. पहिलं स्वस्त वाटतं. पण फुल बाह्यांच्या शर्टाला ३६ पन्ह्याचं साधारण २.५ मीटर लागतं, म्हणजे २५० रुपये. ५८ पन्ह्याचं साधारण १.६ मीटर पुरतं, म्हणजे २४० रुपये. महाग वाटणारं कापडच स्वस्त पडलं.

साड्यांमध्येही माप बघा. पाचवारी साडी साधारण ५.५ मीटरची आणि ब्लाऊजपीससह ६.३ मीटरच्या आसपास असते. नऊवारी म्हणजे ९ वार. १ वार ०.९१ मीटरचा, म्हणून नऊवारी ८.२ मीटरच्या जवळपास हवी. आजीसाठी नऊवारी घेताना ती उलगडून मोजून घ्या, कारण घरी आल्यावर ती अपुरी निघाली तर नेसताच येत नाही.

शिंप्याला विचारून मीटर लिहून नेणं सर्वात चांगलं. उंची-बांध्याप्रमाणे कापड कमी-जास्त लागतं.

पैठणी खरी की सेमी?

बस्त्यातली सर्वात मोठी फसवणूक याच वस्तूत होते, कारण किमतीतला फरक प्रचंड असतो. यंत्रमागावरची 'सेमी पैठणी' विकण्यात गैर काही नाही. ती स्वस्त असते आणि दिसायलाही छान. ती हातमागाची म्हणून विकली तर मात्र ती फसवणूक.

ओळखायची सोपी खूण म्हणजे साडी उलटी करून बघणं. हातमागाच्या पैठणीत पदरावरचा मोर, मुनिया किंवा कमळ प्रत्येक रंगाचा धागा त्या-त्या जागी गुंतवून विणलेलं असतं. त्यामुळे उलट बाजूही जवळपास सुलट बाजूसारखीच स्वच्छ दिसते. यंत्रमागाच्या साडीत मागच्या बाजूला सुटे धागे लोंबताना किंवा कापलेले दिसतात.

दुसरी खूण वेळ आणि किंमत यांची. साधी हातमाग पैठणी विणायलाही आठवडे लागतात, भरजरी असेल तर महिने. त्यामुळे '९९९ रुपयांत ओरिजिनल पैठणी' अशी जाहिरात दिसली की विणकराची मजुरी तरी त्यात बसते का, एवढा विचार केला तरी पुरे.

तिसरी खूण लेबलची. इथे दोन वेगळी चिन्हं आहेत आणि त्यांत लोकांची गल्लत होते.

सिल्क मार्क हे केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ मध्ये सुरू झालेलं चिन्ह. ते फक्त सांगतं की रेशीम शुद्ध आहे. साडी हातमागाची आहे की यंत्रमागाची, हे ते सांगत नाही.

हँडलूम मार्क २००६ मध्ये सुरू झालं. ते सांगतं की कापड हातमागावर विणलंय. धागा रेशमाचा आहे की नाही, हे ते सांगत नाही.

म्हणजे अस्सल रेशमी आणि हातमागाची पैठणी हवी असेल तर दोन्ही गोष्टींची खात्री स्वतंत्रपणे करावी लागेल. पैठणीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. जरीबद्दलही विचारा. चांदीची जरी आणि साधी जरी यांच्या किमतीत मोठा फरक आहे. जे सांगितलं जाईल ते बिलावर लिहून घ्या.

कापड घेऊन शिवणं स्वस्त की तयार कपडे?

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के कर लागतो आणि त्याहून महाग नगावर १८ टक्के. मीटरने मिळणाऱ्या बहुतेक कापडावर मात्र ५ टक्केच.

याचा अर्थ १०,००० रुपयांच्या तयार शेरवानीवर १,८०० रुपये कर. तेच ५,००० रुपयांचं कापड घेतलं तर कर २५० रुपये आणि वर शिलाई. ओळखीचा चांगला शिंपी असेल तर हा पर्याय हिशेबात नक्की धरा. फक्त लग्नसराईत शिंप्याकडे गर्दी असते, म्हणून कापड किमान दीड-दोन महिने आधी घ्या.

खरेदी कधी करावी?

दिवाळीच्या तोंडावर आणि लग्नतिथी जवळ आल्यावर दुकानात उभं राहायला जागा नसते. गर्दीत भाव होत नाही आणि तपासणीही होत नाही. पितृपक्षात बरेच लोक नवे कपडे घेत नाहीत, त्यामुळे दुकानं मोकळी असतात. ज्यांना अडचण वाटत नाही त्यांनी या पंधरवड्यात निवांत निवड करावी. इतरांना पावसाळ्याचे दिवस सोयीचे. आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळी दुकान उघडल्या उघडल्या गेलं तर दुकानदारही वेळ देतो.

इन्स्टावरून मागवावं का?

मागवू शकता, पण थोडी काळजी घेऊन. विक्रेत्याचा पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी संपर्क आणि परत घेण्याचे नियम दिलेत का ते बघा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ही माहिती देणं अपेक्षित आहे. फक्त व्हॉट्सॲप नंबर आणि 'फुल पेमेंट आधी' असेल तर सावध राहा. दिव्याखाली काढलेल्या फोटोऐवजी उजेडातला, साडीची उलट बाजू दाखवणारा व्हिडिओ मागा. पार्सल उघडताना अखंड व्हिडिओ काढा, तोच पुढे पुरावा ठरतो. आणि बस्ता ऑनलाइन घ्यायचाच असेल तर आधी एक साडी मागवून दर्जा बघा.

फसवणूक झाली तर काय करायचं?

'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं बिलावर छापलेलं असतं, म्हणून बहुतेक लोक गप्प बसतात. पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ वेगळं सांगतो. सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. मुदत दिलेली नसेल तर ३० दिवस धरले जातात. बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. फक्त हे लक्षात ठेवा की हा हक्क सदोष मालासाठी आहे. 'घरी गेल्यावर रंग आवडला नाही' या कारणासाठी बदलून देणं दुकानाच्या धोरणावर अवलंबून असतं.

पायऱ्या अशा:

१. आधी दुकानदाराशी बोला. बिल आणि कापडाचे फोटो पाठवून लेखी कळवा.

२. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा.

३. तरीही प्रश्न सुटला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. ५ लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क लागत नाही आणि तक्रार २ वर्षांच्या आत करायची असते.

जालनेकरांसाठी यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगातही तक्रार करता येते. म्हणजे साडी मुंबईत किंवा पुण्यात घेतली असली तरी तक्रार जालन्यात दाखल होऊ शकते. तारखेसाठी मुंबईला खेटे घालायची गरज नाही.

पण या सगळ्याचा पाया एकच आहे, पक्कं बिल. 'बिल नको असेल तर कर वाचेल' असं म्हणून दुकानदार जे दोन-तीनशे रुपये सोडतो, ते घेतले की तुमच्या हातात पुरावा उरत नाही.

थोडक्यात, निघण्याआधी काय करायचं?

• यादी चार भागांत करा: नवरा-नवरी, जवळचे नातेवाईक, आहेर आणि किरकोळ.

• प्रत्येक भागाचं बजेट लिहा आणि शहराच्या वारीचा खर्च वजा करून बघा.

• शिंप्याकडून मीटर लिहून घ्या. सोबत पांढरा रुमाल आणि मोजपट्टी ठेवा.

• आधी जालन्यात दोन दुकानांत भाव विचारा. तो माहीत नसेल तर शहरातला भाव स्वस्त की महाग, हे कळणारच नाही.

• तीन-चार जणच जा. निर्णय कोण घेणार हे घरीच ठरवा.

• 'प्युअर', 'हातमाग', 'चांदीची जरी' हे शब्द बिलावर लिहून घ्या आणि बिल लग्नानंतरही जपून ठेवा.

हे सगळं केल्यावर कदाचित असंही लक्षात येईल की शालूसाठी संभाजीनगर किंवा पैठण गाठायचं आणि बाकीचा बस्ता जालन्यातच फाडायचा. बऱ्याच घरांसाठी तोच सर्वात स्वस्त आणि कमी दगदगीचा मार्ग ठरू शकतो.